‘सत्था देवमनुस्सानं’ म्हणतो, मग बौद्ध धम्मात ईश्वर आहे की नाही? आणि सोबत येशू चालेल का?

धानाचा बांध
पूर्व विदर्भातल्या गावांत प्रार्थनासभा भरवणारे एक मुद्दा हमखास मांडतात: बुद्ध ईश्वराबद्दल गप्प राहिले, ‘नाही’ असं कुठं म्हणाले नाहीत. म्हणजे ती जागा रिकामी, तिथं येशूला मानलं तरी पंचशील मोडत नाही. विहारातून उत्तर येतं, आमचा धम्म निरीश्वरवादी, विषय संपला. मला दोन्ही उत्तरं अर्धवट वाटतात. रोजच्या वंदनेत आपण बुद्धांना ‘सत्था देवमनुस्सानं’ म्हणतो, देवांचे आणि माणसांचे शास्ते. त्रिपिटकात सक्क (म्हणजे इंद्र) आहे, ब्रह्मा सहम्पती आहे. देवच नसतील तर शिकवलं कुणाला? आणि ज्या घरात नवरा बौद्ध, बायको ख्रिस्ती, तिथं दोन्ही चालवायचं तर नेमकं अडतं कुठं?

पवनीकर
‘गप्प राहिले’ हेच मुळात चूक. त्रिपिटकाच्या मज्झिम निकायातल्या चूळमालुंक्य सुत्तात न उलगडलेले प्रश्न मोजून दहा आहेत. जग शाश्वत की अशाश्वत, सांत की अनंत, जीव आणि शरीर एक की वेगळे हे सहा. तथागत (म्हणजे बुद्ध) मरणानंतर असतो, नसतो, असतो आणि नसतो, दोन्ही नाही हे चार. त्यात ईश्वर नाही.

ईश्वरावर सरळ उत्तर आहे, अंगुत्तर निकायाच्या तिकनिपातात. सगळं सुखदुःख ‘इस्सरनिम्मानहेतु’, म्हणजे ईश्वराच्या निर्मितीमुळे, असं मानणाऱ्यांना बुद्ध विचारतात: मग खुनी खून करतो, चोर चोरी करतो, तेही त्याच्यामुळेच ना? असं धरलं की ‘हे करावं, हे करू नये’ याला आधारच उरत नाही. आक्षेप नीतीचा आहे, आकाशात कोण बसलंय याचा नाही.

देवांचं म्हणाल तर केवट्ट सुत्त वाचा. पृथ्वी, पाणी, अग्नी, वायू ही चार महाभूतं पूर्ण कुठं संपतात, हे विचारत एक भिक्खू थेट महाब्रह्म्यापर्यंत पोचतो. ब्रह्मा आधी आपली बिरुदं ऐकवतो, ‘मी कर्ता, मी निर्माता’. भिक्खू पुन्हा विचारतो, पुन्हा तीच बिरुदं. शेवटी त्याचा हात धरून बाजूला नेतो आणि सांगतो, मला ठाऊक नाही, पण या देवांसमोर कसं कबूल करू? बुद्धांकडे जा. त्रिपिटकातले देव असे आहेत. पवनीच्या स्तूपाचं उत्खनन १९६९-७० ला झालं, तिथं मुचलिंद नाग कोरलेला मिळाला. राखणदार आहे तो. जग घडवणं त्याच्याकडे नाही.

सालई
पवनीकरांनी ज्या ब्रह्म्याला उघडं पाडलं, तो ख्रिस्ती लोकांचा पिता नव्हेच. ब्रह्मजाल सुत्तातला ब्रह्मा आभस्सर नावाच्या वरच्या देवलोकातून खाली आलेला. एकटेपणाला कंटाळतो, ‘आणखी कोणी यावं’ म्हणतो, तेवढ्यात दुसरे जीव येतात आणि हा समजतो, मीच यांना घडवलं. गैरसमजातून झालेला देव! ख्रिस्ती शिकवणीतला परमेश्वर मात्र जगातला सगळ्यांत मोठा जीव नाही, जगाचं असणंच त्याच्यामुळे.

आता त्रिपिटकातल्या ‘उदान’ ग्रंथातलं वचन घ्या: ‘अत्थि भिक्खवे अजातं अभूतं अकतं असङ्खतं’. न जन्मलेलं, न घडवलेलं असं काही आहे, म्हणूनच जन्मलेल्यातून सुटका शक्य आहे. हे वाचून मध्ययुगातला ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अक्विनास दचकला नसता. रोमन कॅथलिक चर्चने २८ ऑक्टोबर १९६५ च्या जाहीरनाम्यात बौद्ध धर्माचं नाव घेऊन, अशा धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते आम्ही नाकारत नाही, असं म्हटलं. लासाल नावाचे जेझुइट धर्मगुरू जपानात झेन ध्यान शिकले, शिकवलं आणि धर्मगुरूच राहिले. कॅथलिक संतांच्या जुन्या यादीत २७ नोव्हेंबरला असलेला जोसाफात तर बुद्धांच्याच कथेवरून आलेला, नावही ‘बोधिसत्त्व’ शब्दाचाच अपभ्रंश.

पवनीकर
जोसाफात त्या कथेत संत होतो तो बाप्तिस्मा घेऊन. ते विसरलात.

‘अकतं’ म्हणजे निब्बान, निर्वाण. ते कुणाला घडवत नाही, न्याय करत नाही, प्रार्थना ऐकत नाही, प्रेमही करत नाही. प्रेम न करणारा परमेश्वर कोणत्या मंडळीला चालेल, सांगा. गाठ खरी शरणावर बसते. वंदनेत आपण म्हणतो, ‘नत्थि मे सरणं अञ्ञं’, मला दुसरं शरण नाही. तिकडे बायबलातल्या निर्गमाच्या विसाव्या अध्यायात, माझ्याखेरीज तुला दुसरे देव नसावेत. इफिसकरांस पत्र (२:८-९) म्हणतं, तारण कृपेनं, कर्मांनी नव्हे. धम्मपदाची गाथा २७६ म्हणते, ‘तुम्हेहि किच्चं आतप्पं, अक्खातारो तथागता’, उद्योग तुम्हीच करायचा, तथागत फक्त सांगणारे. बाबासाहेबांनी १९५० च्या लेखात हेच दोन शब्दांत मांडलं: बुद्ध मार्गदाता, मोक्षदाता नव्हे.

कापूसवाला
सुत्तं बराबर हायेत जी. पण गावात काय चालते तेही पाहा. परित्राण पाठ (रक्षणासाठी सुत्तं म्हणतात तो) झाला का त्या पाण्यासाठी झुंबड, मनगटाले पांढरा धागा, पोरगं पास व्हावं म्हणून मूर्तीपुढं मेणबत्ती. ईश्वर नाही म्हणता, अन् नवस तं सुरूच. असं असल्यावर प्रार्थनासभावाल्यांले दार उघडं सापडते, त्यात नवल काय?

धानाचा बांध
हे पटलं. १४ ऑक्टोबर १९५६ च्या बावीस प्रतिज्ञांत देव, अवतार, श्राद्ध यांची नावं घेऊन नकार आहे. मेणबत्तीचं नाव नाही, म्हणून ती वाट मोकळी राहिली. पण नवस ही सवय आहे, धम्माचा भाग नाही.

तहसील रोड
सुत्तांवरून भांडा, पण कागद आधी सांभाळा. अनुसूचित जातींचा १९५० चा आदेश आधी फक्त हिंदूंना लागू होता. १९५६ ला शीख आले, १९९० ला बौद्ध. ख्रिस्ती आजही त्यात नाहीत. प्रार्थनासभेला जाऊन बसल्यानं धर्म बदलत नाही. बाप्तिस्मा घेतला, चर्चच्या रजिस्टरात नाव चढलं, की जात प्रमाणपत्र अडचणीत येतं. २६ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने पुद्दुचेरीच्या प्रकरणात बाप्तिस्मा आणि चर्चला नियमित जाणं हेच पाहिलं, आणि नुसत्या आरक्षणासाठी केलेला दावा ही संविधानाशी फसवणूक ठरवली.

लग्नात घोळ वेगळा. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात बौद्ध येतात, पण वधू-वर दोघंही त्या कायद्यात बसणारे हवेत. एक जण ख्रिस्ती असताना त्याखाली लावलेलं लग्न अवैध, हे २००८ लाच ठरलं. विहारात मंगल परिणय लावून त्याच कायद्याखाली नोंद केली, तर पुढे वारसा, पोटगी, सगळंच लटकतं. विशेष विवाह कायदा, १९५४ घ्या: दोघांपैकी एकाचा त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस रहिवास, विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस, हरकतींसाठी ३० दिवस, मग तीन साक्षीदार. धर्म कुणालाच बदलावा लागत नाही. तारीख ठरल्यावर नोटीस देऊ नका, आधी द्या, नाहीतर मंडप उभा आणि कागद नाही.

सालई
हे मान्य. मग विधी असा करता येईल: ख्रिस्ती जोडीदाराने त्रिशरण म्हणू नये, नुसतं उभं राहावं. बौद्धाने प्रभुभोजन (चर्चमधला भाकर आणि प्याल्याचा विधी) घेऊ नये. पंचशील दोघांनी म्हणावं. हत्या, चोरी, व्यभिचार, खोटी साक्ष, चार तर दहा आज्ञांत आहेतच.

पवनीकर
शील त्रिशरणानंतरच घेतात, सुटं नाही. आणि पाचवं? ‘सुरामेरय’ म्हणून नशा नको, आणि चर्चमध्ये द्राक्षारसाचा प्याला?

सालई
बऱ्याच मंडळ्या प्रभुभोजनाला न आंबवलेला द्राक्षरस देतात. मराठीत ‘द्राक्षारस’ म्हणजे वाइन आणि ‘द्राक्षरस’ म्हणजे नुसता रस, शब्द जवळजवळ सारखे, म्हणून घोटाळा होतो. पाळकांना आधी विचारून घ्यायचं.

पवनीकर
रस असो की दारू, ‘हे माझं रक्त’ म्हणून घेतला की तो शरणागतीचा प्याला. शील वाचेल, ‘नत्थि मे सरणं अञ्ञं’ नाही वाचणार.