मदत हवी आहे : बेदाण्याच्या गोदामाला डॉक सील की डॉक शेल्टर?

नमस्कार मंडळी. कुपवाड एमआयडीसीत बेदाणा आणि हळदीचं गोदाम आहे. चार डॉक (गाडी मागून लावून माल चढवायचे-उतरवायचे ओटे), सगळे पश्चिमेला तोंड करून, म्हणजे पावसाळ्यात झड थेट आत. दार ८ फूट रुंद, ९ फूट उंच. डॉकची उंची ४ फूट. लेव्हलर (ओटा आणि गाडी जोडणारी, वर-खाली होणारी पाटी) हायड्रॉलिक आहेत, रबरी बंपर भिंतीपासून ४ इंच पुढे. रस्ता डॉककडे उतरता आहे, त्यामुळे मागे घेताना गाडीच्या पाठीची वरची कड आधी भिंतीला लागते.

पीव्हीसी पट्ट्यांचा पडदा लावून पाहिला. गाडी आणि भिंतीमधली फट तशीच राहते. वर पत्र्याचं छप्पर वाढवलं, तरी कंटेनरच्या टपावरचं पाणी नेमकं उंबऱ्यावर गळतं. खालच्या थरातले खोके ओले, हळदीच्या पोत्यांना बुरशीचा वास.

फोमचं सील (दाराभोवतीची गादी, जिच्यावर गाडी दाबून उभी राहते) गच्च बसतं हे मान्य, पण ते एका मापाच्या गाड्यांसाठी. आमच्याकडे निम्मे कंटेनर, बाकी आयशर आणि उघड्या हौद्याचे ट्रक. फाळक्याच्या कड्या आणि ताडपत्रीचे हूक फोम फाडणार, हे उघड आहे. हवेने फुगणारं शेल्टर बजेटबाहेर. लेव्हलरच्या कडेच्या फटींना ब्रश लावणारच आहे, ते सोडा.

म्हणून पडद्याच्या शेल्टरकडे (दाराभोवती पुढे आलेली फ्रेम, तिचे पडदे गाडीच्या कडांवर टेकतात) कल आहे. ज्यांनी उतरत्या डॉकवर ते बसवलंय त्यांनी सांगावं : गाडी तिरकी लागली तर दाबून मागे सरकणारी फ्रेम घ्यावी, की पक्की फ्रेम ठेवून बंपरच जाड करावेत? आणि उघड्या ट्रकला वरचा पडदा टेकतच नाही, तिथे पाणी कसं अडवता?