प्रतिसाद: रिवा आणि काल्यारी

मोठ्या क्लबकडून न खेळल्यामुळे इटालियन फुटबॉलपटू जीजी रिवाची कारकीर्द अपुरी राहिली, हे मत मला पटत नाही. उत्तर इटलीतील लोम्बार्दीत जन्मलेला, डाव्या पायाने खेळणारा हा खेळाडू 1963 मध्ये सार्डिनिया बेटावरील काल्यारी क्लबमध्ये आला, तेव्हा तो क्लब दुसऱ्या श्रेणीत होता. पुढच्याच वर्षी क्लब सेरी आ या इटलीच्या सर्वोच्च श्रेणीत पोहोचला आणि 1969-70 मध्ये, रिवाच्या 21 गोलांच्या बळावर, क्लबने आपले आजवरचे एकमेव सेरी आ विजेतेपद मिळवले. त्या हंगामातील 30 सामन्यांत काल्यारीने केवळ 11 गोल स्वीकारले होते, त्यामुळे बचावफळीचे श्रेयही मान्य करायलाच हवे.

युव्हेंटससारख्या बड्या क्लबने मागणी घालूनही रिवा बेट सोडून गेला नाही. राष्ट्रीय संघाकडून 42 सामन्यांत 35 गोल हा त्याचा इटालियन विक्रम अद्याप अबाधित आहे, आणि विशेष म्हणजे राष्ट्रीय संघाकडूनच खेळताना 1967 मध्ये पोर्तुगालविरुद्ध व 1970 मध्ये ऑस्ट्रियाविरुद्ध, असे दोनदा त्याचे पाय मोडले होते. 1968 च्या युरो स्पर्धेत युगोस्लाव्हियाविरुद्ध पुन्हा खेळवलेल्या अंतिम सामन्यातील पहिला गोलही त्याचाच. या कारकिर्दीला अपुरी म्हणायचे असेल, तर त्यासाठी क्लबच्या नावापेक्षा त्या दुखापतींकडे बोट दाखवणे अधिक न्याय्य ठरेल.