लहानपणी बाप्तिस्मा झालेल्याला पुन्हा पाण्यात उतरवायचं का?

सावेडी_नाका (धागाकर्ता)

कॅथलिक घरातला जन्म. महिन्याभराच्या आत फादरांनी डोक्यावर पाणी घातलेलं, पुढे दृढीकरणही (बाप्तिस्म्यानंतर विश्वास पक्का करणारा संस्कार) झालेलं. अशी व्यक्ती पेंटेकॉस्टल किंवा बॅप्टिस्ट या प्रोटेस्टंट पंथांच्या मंडळीत जाऊ लागली की प्रश्न ठरलेला: "बाप्तिस्मा कधी घेणार?" घेतलाय म्हटलं तर उत्तरही ठरलेलं: "तो बाप्तिस्मा नव्हे, पाणी शिंपडलं नुसतं."

आता उलट बाजू बघा. बॅप्टिस्ट मंडळीत बुडवून बाप्तिस्मा झालेला माणूस कॅथलिक व्हायला गेला तर त्याला पुन्हा पाणी लावत नाहीत. विश्वासाची जाहीर कबुली, दृढीकरण, ख्रिस्तप्रसाद, झालं. म्हणजे एक बाजू दुसरीचा बाप्तिस्मा मानते, दुसरी पहिलीचा मानत नाही.

माझं मत: पुन्हा उतरवणं चूक. इफिसकरांस ४:५ मध्ये प्रभू एक, विश्वास एक, बाप्तिस्माही एकच. विरोधात लिहायचं तर वचन आणि कारण दोन्ही द्या. मूर्ती, मरिया, पोप हे विषय इथे आणू नका, त्यांच्यावर भांडायला जागा कमी नाहीत.

यार्देनकाठ

सलाम. 'पुन्हा' या शब्दापासूनच आमचा वाद आहे. पहिला झालाच नसेल तर दुसरा कसा?

प्रेषितांच्या कृत्यांतला क्रम पाहा. २:४१, ८:१२, १८:८. ऐकलं, विश्वास ठेवला, मग पाणी. कूशी षंढाचा प्रसंग (८:३६-३९) घ्या. तो आणि फिलिप्प दोघेही पाण्यात उतरले आणि पाण्यातून वर आले. (यातलं ३७वं वचन सर्वांत जुन्या हस्तलिखितांत नाही, म्हणून मी ते पुराव्यात धरत नाही. त्याच्याशिवायही मुद्दा उभा राहतो.) ओंजळभर पाणी पुरलं असतं तर रथातल्या माणसाजवळच्या पिण्याच्या पाण्यात काम झालं असतं, उतरायची गरज काय?

मुळात 'बाप्तिस्मा' हा ग्रीक शब्द, आणि त्याचा अर्थ बुडवणं. मराठीने तो भाषांतर न करता तसाच ठेवला. बंगालीत बॅप्टिस्ट भाषांतरकारांनी सरळ 'बुडवणे' असा अर्थ घातला, तर १८३०च्या दशकात बायबल सोसायटीने पैसे द्यायला नकार दिला. अर्थ लपवण्यातही एक धर्ममत असतं. शिवाय रोमकरांस ६:४ बाप्तिस्म्याला पुरलं जाणं म्हणतं. चिमूटभर माती टाकून कोणी कोणाला पुरत नाही.

आमची पद्धत अशी. आधी धडे, मग मंडळीसमोर साक्ष. पाणी कमरेच्या थोडं वर. पाळकाचा एक हात पाठीमागे, मानेखाली. दुसऱ्या हाताने उमेदवाराचे छातीशी जुळवलेले हात धरायचे. उमेदवाराला गुडघे वाकवायला आधीच सांगावं लागतं. ताठ राहिला की पाय वर येतात, तोंड पाण्याबाहेर राहतं आणि पाळकाचा तोल जातो. मागच्या बाजूला पूर्ण बुडवून लगेच वर काढायचं. तीन आठवड्यांच्या बाळाला यातलं काय कळणार? त्याने कशाचा पश्चात्ताप करायचा?

आणि आधार हवा तर कृत्ये १९:१-५. इफिसात पौलाने आधी बाप्तिस्मा झालेल्यांना परत दिला.

पापडी_नाका

शेवटून सुरुवात करतो. इफिसातल्या त्या बारा जणांचा बाप्तिस्मा योहानाचा होता, येशूच्या नावाने झालेला नव्हताच. पवित्र आत्मा आहे हेही त्यांच्या कानावर आलं नव्हतं. त्यामुळे ख्रिस्ती बाप्तिस्मा दोनदा दिल्याचं हे उदाहरण ठरत नाही. नव्या करारात तसं एकही उदाहरण नाही.

पाणी किती, यावर आमचा वादच नाही. कॅथलिक चर्चच्या १९८३च्या कायदासंहितेतलं कलम ८५४ बुडवणं आणि ओतणं दोन्ही मानतं. दिदाखे हा फार जुना ख्रिस्ती ग्रंथ, त्याचा सातवा अध्याय पाहा. वाहतं पाणी घ्या, नसेल तर दुसरं, गार नसेल तर कोमट, आणि तेवढंही नसेल तर डोक्यावर तीनदा ओता. म्हणजे बुडवण्याला पहिला मान, पण ओतणं बाद नाही.

मग चुकतं कुठे? शब्द आणि पाणी एकाच माणसाचं हवं आणि एकाच वेळी हवं. एकाने ओतायचं, दुसऱ्याने म्हणायचं, असं चालत नाही. पाणी डोक्याच्या कातडीवरून वाहायला हवं. बाळाला जावळ दाट असेल तर नुसते केस ओले होतात, म्हणून केस बाजूला करतात. आणि पाणी म्हणजे पाणीच. नॉर्वेत पाण्याअभावी बिअर वापरल्याचं कळलं तेव्हा १२४१ मध्ये पोप नववे ग्रेगरी यांनी तो बाप्तिस्मा नव्हे असं कळवलं.

शब्द असे: "मी तुला पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देतो." प्रसूतिगृहात बाळाची खात्री नसेल तर नर्सही हे म्हणू शकते, ती स्वतः ख्रिस्ती नसली तरी, फक्त चर्च जे करतं तेच करायचा तिचा हेतू हवा (कलम ८६१). ती 'देतो'ऐवजी 'देते' म्हणेल, त्याने काही बिघडत नाही. बिघडतं ते 'मी'चं 'आम्ही' केल्यावर. २०२० मध्ये रोमने 'आम्ही' अवैध ठरवलं. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या फिनिक्स धर्मप्रांताने जाहीर केलं की एका धर्मगुरूने वर्षानुवर्षं 'आम्ही' म्हणून दिलेले हजारो बाप्तिस्मे अवैध आहेत. त्या सगळ्यांना नव्याने घ्यावा लागला. मराठीत एकटा माणूसही रुबाबात स्वतःला 'आम्ही' म्हणतो, पण ती सोय इथे नाही.

कारण देणारा ख्रिस्त आहे. धर्मगुरू त्याच्या जागी उभा राहून बोलतो, मंडळीचा ठराव वाचत नाही. डोनाटिस्टांशी (देणारा धर्मगुरू भ्रष्ट असेल तर बाप्तिस्मा फोल, असं मानणारा जुना गट) वाद घालताना बिशप ऑगस्टिनने हेच सांगितलं: पेत्राने दिला तरी देणारा ख्रिस्त, यहूदाने दिला तरी ख्रिस्तच. म्हणून तुमच्या पाळकाने त्रैक्याच्या (पिता, पुत्र, पवित्र आत्मा) नावाने दिलेला आम्ही मानतो. तुमच्यावर उपकार म्हणून नव्हे, आमचा सिद्धांतच तो.

यार्देनकाठ

बघा, तुम्हीच कबूल केलंत. फिनिक्समधल्या त्या लोकांनी आयुष्यभर विश्वास ठेवला, प्रार्थना केली, प्रसाद घेतला. एका सर्वनामापायी सगळं रद्द? आणि विश्वासाचा लवलेश नसलेल्या घरातलं बाळ, शब्द बरोबर पडले म्हणून वैध? आमच्याकडे याला मंत्र म्हणतात.

आता इतिहास. तर्तुल्लियन हा आरंभीचा ख्रिस्ती लेखक इ.स. २००च्या आसपास लिहितो की लहान मुलांच्या बाबतीत थांबलेलंच बरं. नाझियान्झसचा ग्रेगरी बिशपचा मुलगा, तरी बाप्तिस्मा मोठेपणी. खुद्द तुमचा ऑगस्टिन, आई मोनिका पक्की ख्रिस्ती, त्याचा बाप्तिस्मा ३८७च्या ईस्टरला, मिलानमध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी. प्रेषितांपासून सगळे बाळांना देत होते तर ही माणसं कशी सुटली?

पापडी_नाका

तर्तुल्लियन 'थांबा' म्हणतो, याचा अर्थ त्याच्या डोळ्यांदेखत लोक बाळांना देत होते. तो 'अवैध' म्हणत नाही, 'परत द्या' तर नाहीच नाही. चौथ्या शतकातली दिरंगाईही तुमच्या कारणासाठी नव्हती. बाप्तिस्म्यानंतरच्या मोठ्या पापाला प्रायश्चित्त कडक, म्हणून लोक तारुण्य उलटेपर्यंत लांबवायचे. ऑगस्टिनने नंतर त्या चालीवर टीकाच केली. याउलट २५३च्या सुमाराला कार्थेजच्या बिशप सिप्रियनसमोरचा प्रश्न असा होता: सुंतेसारखं आठव्या दिवसापर्यंत थांबायचं का? बिशपांच्या सभेचं उत्तर: नाही, त्याआधीही द्या.

'मंत्र' म्हणालात, ते मात्र बोचलं. संस्काराबाहेर देवाचे हात बांधलेले आहेत असं आम्हीही मानत नाही. त्या लोकांची प्रार्थना फुकट गेली असं कोणी म्हटलं नाही, संस्कार झाला नाही एवढंच म्हटलं.

जुनं_मिशन_कंपाउंड

दोघांनी मिळून हा वाद कॅथलिक विरुद्ध 'बायबलवाले' असा करून टाकलाय, तो तसा नाही.

१५२५च्या जानेवारीत झुरिकमध्ये कोनराड ग्रेबेलने जॉर्ज ब्लाउरोकला प्रौढपणी बाप्तिस्मा दिला. त्याला विरोध करणारा झ्विंग्ली कॅथलिक नव्हता, सुधारकच होता. प्रौढ बाप्तिस्मा घेणाऱ्या त्या गटातल्या फेलिक्स मान्झला १५२७ मध्ये लिम्मत नदीत बुडवून मारलं ते प्रोटेस्टंट नगरसभेने. ल्यूथरपंथीयांचा १५३०चा औग्सबुर्ग कबुलीजबाब, नववं कलम: बाळांना बाप्तिस्मा द्यावा, आणि न देणाऱ्यांचा धिक्कार. अँग्लिकन, मेथडिस्ट, प्रेस्बिटेरियन सगळे बाळांना देतात.

आपल्याकडचंच बघा. १८१२ मध्ये अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेने पहिली तुकडी पूर्वेकडे पाठवली. त्यातला अडोनिराम जडसन जहाजावर ग्रीक शब्दाचा अभ्यास करत बसला, मत पालटलं, आणि सप्टेंबरमध्ये कलकत्त्यात बुडवून बाप्तिस्मा घेऊन बॅप्टिस्ट झाला. त्याच तुकडीतले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट मत न बदलता फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत उतरले, त्यांच्यापासून अमेरिकन मराठी मिशन. नगर भागातल्या जुन्या मंडळ्या बाळांना बाप्तिस्मा देत आल्या याचं मूळ हे.

आम्ही देतो, पण पापडीकरांच्या कारणासाठी नाही. आम्ही देवाने आपल्या लोकांशी केलेला करार मानतो. कलस्सैकरांस २:११-१२ मध्ये सुंता आणि बाप्तिस्मा शेजारी ठेवलेत, १ करिंथकरांस ७:१४ विश्वासणाऱ्याच्या मुलांना पवित्र म्हणतं. बाळ त्या कराराच्या घरात जन्मलंय, त्याची ही खूण. पाणी पडताक्षणी मूळ पाप धुतलं जातं आणि नवा जन्म होतो, हे आम्हाला मान्य नाही. 'घराण्यासह' बाप्तिस्म्याची वचनं (कृत्ये १६:१५, १६:३३) मात्र मी फार ताणत नाही. त्या घरांत बाळं होती असं लिहिलेलं नाही, नव्हती असंही नाही.

२९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं तेव्हा सहा चर्चेस एकत्र आली. त्यांत अँग्लिकनही होते आणि बॅप्टिस्टही. घटनेत दोन्ही रीती ठेवल्या: बाळपणी बाप्तिस्मा आणि मोठेपणी दृढीकरण, किंवा बाळपणी समर्पण आणि मोठेपणी बाप्तिस्मा.

एक तक्रार कॅथलिक बाजूची. कलम ८६८ म्हणतं की मूल त्या विश्वासात वाढेल अशी ठोस आशा असेल तरच द्या, नाहीतर पुढे ढकला. प्रत्यक्षात हॉल बुक झालेला असतो, केकची ऑर्डर गेलेली असते, मग ढकलणार कोण? यार्देनकाठांना जे 'नुसतं पाणी' दिसतं ते इथून येतं.

पापडी_नाका

केकबद्दल वाद नाही.

एक_शंका

मधेच विचारतो. मुक्तिफौज (साल्व्हेशन आर्मी) तर पाण्याचा बाप्तिस्मा देतच नाही. त्यांच्या मुलीशी कॅथलिक मुलाने लग्न ठरवलं तर? आणि 'फक्त येशूच्या नावाने' देणाऱ्या मंडळ्या?

पापडी_नाका

या सगळ्या चर्चेचा व्यवहारात उपयोग होतो तो इथेच. जोडीदार मेथडिस्ट, म्हणजे बाप्तिस्मा झालेला: तो मिश्रविवाह, बिशपांची परवानगी लागते (कलम ११२४). मुक्तिफौजेतली, पाणी कधीच न लागलेली: ती कितीही श्रद्धाळू असो, कायद्याच्या लेखी बाप्तिस्मा न झालेली. तिथे परवानगी पुरत नाही, कलम १०८६च्या अडथळ्यातून सूट घ्यावी लागते. परवानगी राहून गेली तर लग्न नियमबाह्य, पण लग्न असतं. सूट राहून गेली तर लग्नच होत नाही. म्हणून तारीख ठरवण्याआधी दाखला दाखवा.

'फक्त येशूच्या नावाने' झालेला आम्ही वैध धरत नाही. कृत्ये २:३८ मध्ये तसेच शब्द आहेत हे मला माहीत आहे, पण आम्ही सूत्र मत्तय २८:१९ मधून घेतो. १९१६ मध्ये असेंब्लीज ऑफ गॉड ही पेंटेकॉस्टल संघटना यावरूनच फुटली, आणि राहिलेल्यांनी त्रैक्य धरलं. तेव्हा 'पेंटेकॉस्टल' एवढं सांगून भागत नाही. कोणते शब्द म्हटले ते विचारावं लागतं. मॉर्मन लोक तर पिता-पुत्र-पवित्र आत्मा म्हणतात, तरी २००१ मध्ये रोमने त्यांचा अवैध ठरवला, कारण त्या नावांमागचा देव वेगळा. चौकशी करूनही शंका उरली तर सशर्त: "जर तुझा बाप्तिस्मा झाला नसेल, तर मी तुला…"

यार्देनकाठ

म्हणजे तुम्ही 'जर' लावून देता, आम्ही 'जर' न लावता. एवढाच फरक?

पापडी_नाका

आमची शंका घटनेबद्दल असते: पाणी पडलं का, शब्द कोणते होते. त्या वेळी वय किती होतं याबद्दल नसते.

सावेडी_नाका

जुन्या पॅरिशची वही वाळवीने खाल्ली असेल, आणि दाखलाही नसेल तर?

पापडी_नाका

कलम ८७६. कोणाच्या हक्काला बाधा येत नसेल तर एका विश्वासू साक्षीदाराचा जबाब पुरतो. सहसा धर्ममाता किंवा धर्मपिता, नाहीतर त्या दिवशी हजर असलेलं कोणीही. मोठेपणी झाला असेल तर स्वतःची शपथ चालते. सापडला तर त्या दिवसाचा फोटोही जोडा, पण फोटोत शब्द ऐकू येत नाहीत, तेव्हा जबाब हवाच.

यार्देनकाठ

साक्षीदारांची आम्हाला वाण नाही, अख्खी मंडळी काठावर उभी असते. पण आमच्याकडच्या बऱ्याच दाखल्यांवर तारीख, ठिकाण आणि पाळकाची सही असते, कोणत्या नावाने दिला ते नसतं. ती एक ओळ छापून घ्यायला हवी, हे मान्य. बाकीचं काही मान्य नाही.