बॅसिलिस्कची मारक नजर म्हणजे विष थुंकणारा नागच का?

रानवाट : पहिल्या शतकातल्या रोमन लेखक प्लिनीने बॅसिलिस्क नावाच्या सापाचे वर्णन केले आहे. हा साप आजच्या लिबियातल्या सायरीनी प्रांतातला, जेमतेम बारा अंगुळे लांब, डोक्यावर मुकुटासारखा पांढरा डाग असलेला आणि पुढचे अंग उचलून ताठ चालणारा. त्याच्या नजरेने माणूस जागीच मरतो, असे प्लिनी सांगतो. माझ्या मते या कथेच्या मुळाशी नाग आहे. आफ्रिकेत विषाची पिचकारी मारणारे नाग आहेत. ते दोन मीटरवरूनही समोरच्याच्या डोळ्यांचा वेध घेतात आणि डोळे वेळीच धुतले नाहीत, तर दृष्टी जाऊ शकते. मी आमच्या गावात निघालेले साप पकडून रानात सोडतो. गोठ्यात वैरणीआड फणा काढून उभा राहिलेला नाग एकटक पाहतो, कारण सापाला पापणीच नसते, डोळ्यावर फक्त पारदर्शक खवला असतो. त्या वेळी हातातली काठी क्षणभर हलत नाही. साप चावलेला नसताना डोळे गमावलेला माणूस ज्यांनी पाहिला, त्यांनी सापाच्या नजरेलाच दोष दिला असेल, तर त्यात नवल नाही.

जुनी पोथी : रानवाट यांचा अनुभव मोलाचा आहे, पण अनुमान मला पटत नाही. बॅसिलिस्कच्या आधी प्लिनी कॅटोब्लेपस नावाच्या प्राण्याविषयी लिहितो. तो सुस्त असून जड डोके सतत खाली घालून असतो, आणि तसे नसते तर मनुष्यजातच उरली नसती, कारण त्याचे डोळे पाहणारा तत्काळ मरतो, असे तो म्हणतो. हा काही साप नव्हे, मग येथे नाग कोठून आणायचा? आपल्याकडे सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थान या विषचिकित्सेच्या भागात तर स्पष्ट भेद केला आहे : दृष्टीत आणि निःश्वासात विष असते ते दिव्य सर्पांच्या, भौम म्हणजे पृथ्वीवरच्या सर्पांचे विष दाढेत असते. सर्पदंशावर उपचार सांगणाऱ्या वैद्यांनी मारक नजर जमिनीवरच्या सापाला दिलीच नाही. आणि गुहेत झोपलेल्या मुचकुंदाने डोळे उघडताच कालयवन भस्म झाला, त्या कथेत तर सापाचा संबंधच नाही.

रानवाट : कॅटोब्लेपसचा मुद्दा मान्य, त्याचे उत्तर माझ्यापाशी नाही. मात्र ताठ चाल आणि डोक्यावरचा डाग या खुणा बॅसिलिस्कच्याच आहेत, त्यामुळे निदान त्याच्यापुरता मी मतावर ठाम आहे.

अर्धविराम : प्राणी कोणता, हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. डोळ्यांतून किरण बाहेर पडून वस्तूपर्यंत पोहोचतात, असे प्लेटो आणि युक्लिड मानत. आपल्या नैयायिकांनीही, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांनीही, डोळा तैजस म्हणजे तेजाचा बनलेला मानला आणि रात्री हिंडणाऱ्या प्राण्यांचे चमकणारे डोळे त्याचा पुरावा म्हणून दिले. डोळ्यातून काहीतरी बाहेर जाते हे एकदा गृहीत धरले, की त्यासोबत विषही जाऊ शकते ही कल्पना अगदी तर्कशुद्ध ठरते. अकराव्या शतकात इब्न अल-हैथम या अरब शास्त्रज्ञाने प्रकाश वस्तूकडून डोळ्यात येतो असे मांडले, तरी माझी आजी तिन्हीसांजेला मीठ-मोहऱ्या ओवाळून निखाऱ्यावर टाकायची आणि तडतड ऐकून ‘केवढी दृष्ट लागली होती’ म्हणायची, तेव्हा त्यामागे तीच जुनी समजूत होती.

जुनी पोथी : हा विचार मला नागापेक्षा अधिक पटतो, तरी एक अडचण राहते. ग्रीक पुराणकथेतल्या मेडुसा या राक्षसीचे डोके धडावेगळे झाल्यावरही माणसांना दगड करते; तिला मारणाऱ्या पर्सियसने ते पुढे धरले आणि पाहणारा राजा पॉलिडेक्टीस शिळा झाला. मेलेल्या डोळ्यातून कोणता किरण निघणार? तिथे तिने पाहण्याची गरजच नाही, दुसऱ्याने तिच्याकडे पाहणे पुरेसे आहे, आणि कॅटोब्लेपसबाबतही प्लिनी त्याचे डोळे पाहणाराच मरतो असे लिहितो. त्यामुळे बाहेर पडणाऱ्या किरणांनी बॅसिलिस्क आणि मुचकुंद समजतात, पण मेडुसा आणि कॅटोब्लेपस यांच्यासाठी वेगळे कारण शोधावे लागेल.