मदत हवी आहे: भाकरीबरोबर रताळ्याची तिखट भाजी

लक्ष्मी मंडईतून अर्धा किलो लाल सालीची रताळी आणलीत. उपवासाचा कीस आणि गुळातल्या फोडी नकोत, ते बारा महिने चालूच असतं! थंडीत रात्री गरम ज्वारीच्या भाकरीबरोबर खायला अंगासरशी रसाची, तिखट भाजी हवी आहे. लसूण-जिऱ्याच्या फोडणीत फोडी वाफवल्या की कडा विरघळतात आणि मधला भाग कच्चा राहतो. आधी सालासकट उकडून घ्यावीत का? आपली शेंगाचटणी वरून भुरभुरू की कूट घालून रस्सा धरू? काळा मसाला गोडव्याला चांगला तोलेल असं वाटतंय. आंबटाला चिंच की आमसूल? सासूबाईंना चावायला त्रास होतो, त्यामुळे मऊ हवी, पण लगदा नको. नेहमी करणाऱ्यांनी प्रमाणासकट सांगा.