मदत हवी आहे: बायपोलर असलेल्या भावाला रात्रपाळीची नोकरी मिळते आहे

नमस्कार मंडळी,

माझ्या धाकट्या भावाला बायपोलर आजार आहे. लिथियम हे मूड स्थिर ठेवणारं औषध चालू आहे, रक्तातलं प्रमाण, थायरॉईड, किडनी सगळं वेळच्या वेळी तपासलं जातं आणि बरेच महिने तो छान स्थिर आहे. आता हिंजवडीत चांगल्या पगाराची नोकरी मिळते आहे, पण अमेरिकेच्या वेळेची आणि पाळी सतत बदलणारी. तो खूश आहे, आईबाबाही. मला मात्र धास्ती वाटते.

त्याचा मॅनिया, म्हणजे बायपोलरमधला अतिउत्साहाचा टप्पा, दर वेळी झोप कमी होण्यापासून सुरू झालाय. मागच्या वेळी गणपतीत देखाव्यासाठी जागरणं झाली. विसर्जनानंतर बाकीची पोरं आडवी झाली, हा मात्र दोन-तीन तास झोपून पहाटे ताजातवाना. आत्या कौतुकानं म्हणाली, "काय उत्साह आहे पोराला!" मग बोलणं सुसाट, कर्ज काढून धंदा करायच्या गोष्टी, आणि शेवटी ॲडमिट करावं लागलं.

डॉक्टरांनी तेव्हा फरक समजावला. निद्रानाशात झोप हवी असते पण येत नाही, आणि दुसऱ्या दिवशी माणूस गळून जातो. मॅनियात झोपेची गरजच वाटेनाशी होते. शिवाय जागरणानं मॅनिया भडकतो आणि मॅनियानं झोप आणखी उडते. अमेरिकेत संशोधक थॉमस वेहर आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्येच मांडलं होतं की प्रवास, बाळंतपण, दुःख, कारण काहीही असो, ते झोप मोडूनच मॅनियापर्यंत पोचत असावं.

घरचे म्हणतात, "इतके लोक रात्रपाळी करतात, दिवसा झोपेल की." पण शरीराचं घड्याळ उजेडावर चालतं. दिवसाची झोप कमी आणि तुटक होते, त्यात पाळी बदलत राहिली तर ते घड्याळ कशालाच जुळत नाही. अमेरिकेतल्या पिट्सबर्गच्या मानसशास्त्रज्ञ एलन फ्रँक यांची बायपोलरसाठीची उपचारपद्धती तर यावरच उभी आहे: उठणं, जेवणं, काम, माणसांना भेटणं, झोपणं या वेळा रोज शक्यतो सारख्या ठेवायच्या.

तुमच्यापैकी कुणी, किंवा घरातल्या कुणी, बायपोलर असताना रात्रपाळी केली आहे का? कायमची रात्रपाळी बदलत्या पाळीपेक्षा सोसते का? आजाराचं नाव न घालता डॉक्टरांचं पत्र देऊन कुणी दिवसपाळी मिळवली आहे का? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजार आहे, पण खाजगी कंपनीत प्रत्यक्ष अनुभव काय?

आणि मला सगळ्यात जास्त छळणारा प्रश्न: झोपेवर लक्ष कसं ठेवायचं? मी रोज सकाळी "झोपलास का?" विचारते आणि तो चिडतो. त्याचं बरोबरच आहे, एखाद्या रात्री उशीर झाला की लगेच त्याच्याकडे रुग्ण म्हणून पाहिलेलं कुणाला आवडेल? पण गप्प बसायचीही भीती वाटते.

औषधं बंद करायचे सल्ले कृपया देऊ नका.

प्रतिसाद १
ताई, मी स्वतः बायपोलर आहे. नोकरी स्वीकारायच्या आधी भावानेच डॉक्टरांशी बोलावं, तुम्ही सोबत बसा. माझ्या पत्रात फक्त "वैद्यकीय कारणास्तव रात्रपाळी टाळावी" एवढंच होतं, ते चाललं. झोपेची नोंद मी स्वतः ठेवतो. बरा असताना बायकोशी आणि डॉक्टरांशी ठरवलंय: सलग दोन रात्री झोप पाच तासांच्या खाली गेली आणि तरी थकवा नसेल, तर तिसऱ्या दिवशी डॉक्टरांना फोन. त्यामुळे ती रोज विचारत नाही. तुमच्या भावाचा आकडा त्याच्या डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

प्रतिसाद २
आडवेळी डॉक्टर मिळाले नाहीत तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६. मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार आजार बळावला तर कसे उपचार हवेत, निर्णयात कुणाची मदत हवी, हे भाऊ आत्ताच लिहून ठेवू शकतो.

धागाकर्ती
दोघांचे मनापासून आभार. प्रतिसाद १, ते पत्र तुम्ही ऑफर स्वीकारायच्या आधी दिलंत की रुजू झाल्यावर? आम्हाला या आठवड्यात उत्तर कळवायचं आहे.