मदत हवी आहे: इंजिनिअरिंगची ऑप्शन यादी, काउन्सेलरला पासवर्ड देऊ का? (तातडीचे)

नाशिकचा_बाबा
ऑप्शन फॉर्म (कॉलेज-ब्रांचची पसंतीक्रमाने यादी) कन्फर्म करायची मुदत परवा संपते. सीईटी (राज्याची प्रवेश परीक्षा) ९१.४ पर्सेंटाइल. एका काउन्सेलरला अर्धे पैसे दिलेत, त्याने चाळीस ऑप्शनची यादी पाठवली. वरची बरीचशी पुण्याची. आता म्हणतो लॉगिन-पासवर्ड पाठवा, मी इथूनच भरून टाकतो. द्यावा का? आणि यादी तपासून देईल असा दुसरा कुणी जाणकार माहीत असेल तर सांगा. कृपया "स्वतः भरा" हा सल्ला नको, ऑफिसमधून मान वर काढायला वेळ नाही.

घाटमाथा
पासवर्ड अजिबात देऊ नका. बाकी नंतर.
९१.४ कुठल्या कॅटेगरीत? मेरिट नंबर किती? ब्रांच कोणती हवी? एवढ्या माहितीवर ब्रह्मदेवही यादी तपासू शकणार नाही.

काळी_पाटी
काउन्सेलर म्हणजे निव्वळ लुटालूट. माझ्या भाच्याच्या वेळी एकाने यादीत वरती अशा एका खाजगी विद्यापीठाचं नाव सरकवलं होतं जे कॅपमध्ये (सरकारी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत) नव्हतंच. त्याला तिकडून काय मिळत असेल ते समजून घ्या.

सोमवार_नको
सगळेच तसे नसतात हो. आम्ही घेतला होता, उत्तम काम केलं. सरसकट झोडपू नका. ज्या घरात कुणीच इंजिनिअर नाही त्यांनी करायचं काय?

काळी_पाटी
सीईटी सेलची (प्रवेश प्रक्रिया चालवणारी सरकारी यंत्रणा) माहितीपुस्तिका वाचायची. फुकट आहे.

सोमवार_नको
वाचलीय तुम्ही पूर्ण? खरं सांगा.

मिरची_लोणचं
माझं मत: ब्रांचच्या मागे लागू नका, कॉलेज बघा. चांगल्या कॉलेजात मेकॅनिकल घेतलं तरी शेवटी सगळे सॉफ्टवेअरमध्येच जातात.

घाटमाथा
हा वाद दरवर्षी होतो, इथे नको. धागाकर्ते, उत्तर द्या.

नाशिकचा_बाबा
ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक), दाखला स्क्रुटिनीत मान्य झालाय. कॉम्प्युटर किंवा आयटी. मेरिट नंबर आत्ता समोर नाही. पर्सेंटाइल सांगितलाय ना, मग?

पाटबंधारे
पर्सेंटाइलने अंदाज येतो, पण मेरिट नंबर जास्त नेमका. कटऑफच्या पीडीएफमध्ये दोन्ही असतात, वर नंबर आणि खाली कंसात पर्सेंटाइल. काउन्सेलरच्या यादीतली एखादी ओळ जशीच्या तशी टाका बघू.

नाशिकचा_बाबा
"कॉम्प्युटर, जी-ओपन-एच, ९०.८, सेफ." अशाच सगळ्या आहेत. आपण ९१.४, म्हणजे मिळायला हवं. पण मुलगी म्हणते तिच्या मैत्रिणीला गेल्या वर्षी ९२ ला तिथे मिळालं नव्हतं.

पाटबंधारे
थांबा. मुलगी?

नाशिकचा_बाबा
हो, मुलीचंच ॲडमिशन आहे. त्याने काय फरक पडतो?

पाटबंधारे
बराच पडतो. कोडमधलं पहिलं अक्षर जी असेल तर सर्वसाधारण, एल असेल तर मुलींच्या राखीव जागा. तिचा विचार दोन्हींत होतो, शिवाय ईडब्ल्यूएसचा रकाना वेगळा. तुमच्या काउन्सेलरने जी-ओपन सोडून काही पाहिलेलंच दिसत नाही.

आजीचा_बटवा
फीचंही बघा. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क १०० टक्के माफ आहे. पण प्रवेश कॅपमधून हवा. मॅनेजमेंट कोट्याला नाही, खाजगी विद्यापीठांना आणि खाजगी अभिमत विद्यापीठांनाही नाही. हॉस्टेलचा खर्च आपला आपण.

दुपारची_झोप
नीटवाल्यांसाठी पण असंच आहे का? माझ्या मुलाला बीएएमएसला घालायचंय.

आजीचा_बटवा
मुलाला नाही. वेगळा धागा काढा ना.

घाटमाथा
बाबा, आणखी एक. बारावी कुठल्या जिल्ह्यातून?

नाशिकचा_बाबा
लातूर. दोन वर्षं तिथे हॉस्टेलला होती. पण आम्ही राहायला नाशिकलाच, डोमिसाइल पण इथलंच. म्हणजे पुणे विद्यापीठ.

घाटमाथा
नाही, घोळ इथेच आहे. दहावी-बारावी दोन्ही महाराष्ट्रातून असतील तर होम युनिव्हर्सिटी बारावी जिथून झाली त्यावरून ठरते, राहत्या पत्त्यावरून नाही. लातूर म्हणजे नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठ. शेवटचं अक्षर एच म्हणजे होमच्या जागा, राज्याच्या वाट्यातल्या ७० टक्के. उरलेल्या ३० टक्के बाहेरच्या विद्यापीठवाल्यांना, तो रकाना ओ. पुण्यातल्या कॉलेजांसाठी तुमची मुलगी "ओ" मध्ये आहे आणि पुण्याला ओ चा कटऑफ साधारण वरच असतो. त्या यादीतलं "सेफ" तुमच्यासाठी सेफ नाही. जिथे शेवटी एस दिसेल तिथे राज्यस्तरीय जागा, तिथे हा भेद नाही.

काळी_पाटी
लातूर पॅटर्न! पोरांना घरापासून तोडून दोन वर्षं डांबायचं आणि वर हा भुर्दंड.

सोमवार_नको
तुम्हाला प्रत्येक गोष्टीत चिडायला काहीतरी लागतंच का?

नाशिकचा_बाबा
लातूर योग्य की अयोग्य हे विचारलेलं नाही. काउन्सेलरला आत्ता फोन केला. म्हणाला, "सर, एच-ओ फारसं मनावर घेऊ नका, चाळीसात काहीतरी लागतंच." आता चाळीसच्या चाळीस ओळी बदलायच्या?

पाटबंधारे
क्रम आवडीचा असेल तर पुसू नका. न मिळणारं कॉलेज वर ठेवल्याने नुकसान होत नाही, वरचं नाही लागलं तर यंत्रणा खालचं बघते. खाली भर घाला, तिनशेपर्यंत ऑप्शन देता येतात. एल-ओपन-ओ, जी-ओपन-ओ, ईडब्ल्यूएस आणि एस असे रकाने बघत नाशिक, नगर, संभाजीनगर, नांदेड धरा. नांदेडच्या हद्दीत तुम्ही एच मध्ये आहात हे विसरू नका.

घाटमाथा
वरचे सहा मात्र नीट विचार करून. २०२५ ला चार फेऱ्या होत्या आणि पहिल्या फेरीत पहिला ऑप्शन लागला, दुसरीत पहिल्या तीनपैकी किंवा तिसरीत पहिल्या सहापैकी एखादा लागला की तो आपोआप फ्रीझ, पुढच्या फेरीत जाता येत नव्हतं. यंदाचा नियम पुस्तिकेत बघून घ्या. जिथे ती जाणार नाही असं कॉलेज वर "बघू तर" म्हणून टाकू नका.

मिरची_लोणचं
म्हणून म्हणतो मेकॅनिकल टाका.

नाशिकचा_बाबा
पासवर्ड दिला नाही, होता तो बदललाही. मुलगी आणि मी रात्री बसतोय, पीडीएफ उघडल्यात. एल-ओपन-ओ हा रकाना काही कॉलेजांच्या खाली दिसतच नाही, तिथे काय समजायचं?

पाटबंधारे
त्या फेरीत त्या प्रकारात कुणाला जागा गेली नाही, किंवा तसली जागाच नाही. त्या कॉलेजच्या बाकीच्या फेऱ्यांच्या पीडीएफ उघडा, तिथे दिसला तर दिसला. नाहीतर जी-ओपन-ओ धरून चाला.

दुपारची_झोप
बीएएमएसचा धागा काढलाय, कुणीच येत नाहीये.